मुलगा करतो काय?

कुठल्याही मालिकेचा पहिला भाग हा मुळात बघण्याचा कार्यक्रम असतो. पोहे आपले आपणच करून आणायचे, एवढाच काय तो फरक. मुलाच्या अंगी विलक्षण गुण आहेत असं मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलेलं असतं आणि आपण मात्र त्याचे बूट, त्याची मान आणि त्याच्या मावशीचा स्वभाव बघत बसलेलो असतो. मुलगा सुपरहिरो असला तर ही छाननी आणखी कडक होते. तो एका हाताने बस उचलतो? उचलेना का, त्याचसाठी आलाय. पण करतो काय? राहतो कुठे? घरी कोण कोण असतं? उडण्याबिडण्याची चौकशी शेवटी, आणि तीसुद्धा "कायम असंच उडत असतो का?" अशा काळजीच्या सुरात.

आमच्या घरात ही पद्धत 'शक्तिमान'पासून आहे. 1997 च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर तो पहिल्यांदा आला तेव्हा सगळी पोरं टीव्हीपुढे फरशीवर मांडी घालून बसली होती आणि मोठी माणसं मागे, 'बघू तरी काय आहे ते' अशा चेहऱ्याने. आपला देशी सुपरहिरो येणार म्हणून पोरांचा श्वास अडकलेला. तो आला आणि मागच्या रांगेतून पहिली प्रतिक्रिया आली, "अरे, हा तर भीष्म!"

चोप्रांचं 'महाभारत' 1990 साली संपलं होतं, पण लोकांच्या डोक्यात ते संपलेलं नव्हतं. मुकेश खन्ना म्हणजे पितामह. पांढरी दाढी, जड आवाज आणि आजन्म ब्रह्मचर्य. तोच माणूस आता मरून रंगाच्या अंगासरशी बसणाऱ्या कपड्यांत, छातीवर सोनेरी चिन्ह लावून, गिरक्या घेत आकाशात निघालेला. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "शरपंजरावरून उठला वाटतं. चांगलं झालं." पुढे तमराज किल्विष अवतरला. अंधाराचं राज्य कायम राहावं अशी इच्छा बाळगणाऱ्या या खलनायकाचं काम सुरेंद्र पाल करत होते, म्हणजे महाभारतातले द्रोणाचार्य. तेव्हा तर अण्णांचा पार गोंधळ उडाला. "दोघेही कौरवांच्या बाजूने लढले. एका मंडपात जेवले. आता यांचं आपसात काय बिनसलं?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मालिका 2005 साली बंद पडेपर्यंत कुणी देऊ शकलं नाही.

आईला, म्हणजे माईला, शक्तिमान फारसा पटला नाही. तिची पसंती गंगाधरला. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, असं भरभक्कम नाव, तेल लावून चापून बसवलेले केस, जाड चष्मा आणि पुढे आलेले दात. "किती सरळ मुलगा आहे," माई म्हणायची, "दात काय, आजकाल तारा लावून मागे घेतात." हा गंगाधर म्हणजेच शक्तिमान आहे, हे आम्ही तिला अनेकदा समजावलं. तिने ते मान्यही केलं, पण एखाद्या चांगल्या घरातल्या मुलाच्या व्यसनाबद्दल कळावं तसं. गिरक्यांचं तर तिला कायमच वावडं होतं, आणि त्याला कारणही होतं. आमच्या इमारतीतली पोरं हात वर करून गरगर फिरायची आणि थांबल्यावर उडण्याऐवजी ओकायची. त्यामुळे तमाम आयांना मालिकेतला एकच भाग मनापासून आवडे, तो म्हणजे शेवटी येणारा 'छोटी छोटी मगर मोटी बातें'. आकाशातून आलेला महामानव आपल्या कार्ट्याला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगतो, तर बघू दे त्याला अर्धा तास, असा व्यवहार होता.

गंगाधर 'आज की आवाज़' नावाच्या वर्तमानपत्रात छायाचित्रकार होता. यावरून एक जुनी शंका विचारून घेतो. सुपरमॅनचा क्लार्क केंट डेली प्लॅनेटमध्ये वार्ताहर, स्पायडरमॅनचा पीटर पार्कर डेली ब्यूगलला फोटो विकणारा आणि आपला गंगाधरही छापखान्याच्याच आसपास. जगभरच्या महामानवांना नोकरी म्हणून वर्तमानपत्रच का सुचावं? वर्तमानपत्रांसाठी लिहून पोट भरणारा माणूस म्हणून मला कारण दिसतं. भर दुपारी माणूस जागेवरून नाहीसा झाला, संध्याकाळी फाटक्या कपड्यांत परत आला आणि 'कुठे होतास' याचं उत्तर त्याने दिलं नाही, तरी जिथे कुणालाही नवल वाटत नाही असं कार्यालय दुसरं नाही. अण्णा जिल्हा बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. त्यांचं मत वेगळं. ते म्हणतात, "असल्या नोकरीत दुसरा जोडधंदा लागतोच."

हे सगळं आठवायचं कारण 15 जानेवारी 2021 ची दुपार. संक्रांत आदल्याच दिवशी झाली होती. घरात तिळाच्या वड्या होत्या, त्याही अशा की एका वडीला अर्धा तास पुरावा. अण्णा पहाटे साडेपाचपासून उठून ब्रिस्बेनची कसोटी बघत होते. आपला निम्मा संघ जायबंदी, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर पहिलीच कसोटी खेळतायत, रहाणे कर्णधार, त्याच रहाणेच्या हातून लाबुशेनचा झेल सुटलेला आणि लाबुशेनने 108 करून त्याची पुरेपूर किंमत वसूल केलेली. दिवसअखेर ऑस्ट्रेलिया 5 बाद 274. अशा मनःस्थितीतल्या माणसाच्या हातून पुतण्याने रिमोट घेतला आणि जाहीर केलं, "आता सगळे बसा. दीड वाजता 'वांडाव्हिजन' येतंय."

पुतण्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. मार्व्हलचा तोपर्यंतचा शेवटचा सिनेमा, 'स्पायडरमॅन: फार फ्रॉम होम', 2019 च्या जुलैत आला होता. त्यानंतर महामारी आली, चित्रपटगृहांना कुलपं लागली, ठरलेलं सगळं पुढे गेलं आणि ही पिढी दीड वर्ष उपाशी राहिली. आता थेट घरातच, डिस्ने प्लस हॉटस्टारवर, पहिली मालिका येत होती. दीड वर्षाच्या उपासानंतर माणसाला ताटात काय हवं असतं? स्फोट हवा असतो. एखादं विमान पडायला हवं, निदान एक पूल तरी. ऑनलाइन कॉलेजचा तास कॅमेरा बंद करून एका कानात चालू ठेवून तो सज्ज होता.

पडद्यावर आलं काळं-पांढरं चित्र. तेही पूर्ण पडदाभर नाही, मधोमध चौकोनी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. नवराबायको लग्नाच्या पोशाखात मोटारीतून गावात येतायत, मागे झोकदार गाणं, आणि पलीकडे माणसं खो खो हसतायत.

अण्णा उठले. टीव्हीच्या मागे जाऊन त्यांनी एक वायर हलवली.

"आजोबा, काही झालेलं नाहीये. ते असंच आहे."

"रंग गेलेत."

"मुद्दाम घालवलेत."

"मुद्दाम?" ब्याऐंशीच्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्हीसाठी बँकेतून आगाऊ रक्कम उचललेला माणूस हे कसं सहन करणार? त्यांनी टीव्हीच्या पाठीवर एक चापट मारली. त्यांच्या पिढीचा तेवढा हक्क आहे.

पुतण्याने मग थोडक्यात पार्श्वभूमी सांगायला घेतली. वांडा ही चेटूकविद्या असलेली मुलगी. व्हिजन हा कृत्रिम माणूस, यंत्राचं शरीर, अफाट बुद्धी. दोघांचं प्रेम. तर हा व्हिजन 2018 च्या सिनेमात मेला. एकदा नाही, त्याच सिनेमात दोनदा मेला. आधी वांडाला स्वतःच्या हाताने त्याला मारावं लागलं, मग खलनायक थॅनॉसने काळ मागे फिरवून त्याला जिवंत केलं आणि पुन्हा मारलं. "मग आता तो जिवंत कसा? हाच खरा सस्पेन्स आहे," तो म्हणाला आणि दाद मिळण्यासाठी थांबला.

माई तिळाची वडी फोडत होती. "आमचा 'क्यूंकी'तला मिहीर एकदाच गेला होता," ती म्हणाली, "पण तोही आलाच की परत."

एकता कपूरच्या शाळेत शिकलेल्या बाईला पुनर्जन्माचं काय कौतुक? 'क्यूंकी'पासून 'माझ्या नवऱ्याची बायको'पर्यंत तिने इतके अपघात, इतके स्मृतिभ्रंश आणि तेराव्याला दारात उभे राहिलेले इतके नवरे पचवलेत की मृत्यू ही तिच्या लेखी अभिनेत्याची रजा असते. मी मात्र पुतण्याला विचारलं की हे सगळं नीट कळायला आधीचे किती सिनेमे बघावे लागतील? "तेवीस," तो म्हणाला. अण्णा म्हणाले, तेवढ्या वेळात ज्ञानेश्वरीची दोन पारायणं होतात आणि पुण्य मिळतं ते वरती.

पुढचा अर्धा तास आमच्या घरात जे घडलं ते मार्व्हलवाल्यांनी बघायला हवं होतं. एकाच पडद्यावर चौघेजण चार मालिका बघत होते.

सुरुवातीलाच वांडा स्वयंपाकघरात हात न लावता भांडी आवरते. बशा हवेतून तरंगत येतात, एक व्हिजनच्या डोक्यावर आपटून फुटते, प्रेक्षक हसतात. वहिनी हसली नाही. तिने हातातलं काम खाली ठेवलं आणि पुढे सरकून बसली. 2020 साली कामाच्या मावशी महिनोन् महिने येऊ शकल्या नव्हत्या, त्या काळात आमच्या घरात कुणाच्या वाट्याला किती कढया आल्या याचा हिशेब अजून मिटलेला नाही. इमारती उचलणारे, लोखंड वाकवणारे, उलटे पळून पृथ्वी थांबवणारे असे किती आले नि गेले, वहिनीने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. "ही शक्ती," ती म्हणाली, "कामाची आहे." नंतर वांडाकडून कोंबडी जळते आणि ती दुरुस्त करायला जाते तर कोंबडीची परत अंडी होतात, तेव्हा वहिनीने हळहळून सांगितलं की गॅस मंद ठेवायला हवा होता.

गोष्ट तशी साधी. कॅलेंडरवर 23 ऑगस्टच्या चौकोनात एक बदाम काढलेला आहे आणि तो कशासाठी, हे दोघांनाही आठवत नाही. वांडाला वाटतं लग्नाचा वाढदिवस. प्रत्यक्षात व्हिजनचे साहेब, मिस्टर हार्ट, सपत्नीक जेवायला यायचे असतात. माईला हे अजिबात पटलं नाही. "कोऱ्या कॅलेंडरवर बदाम काढला तर कसं कळणार?" आमच्या कालनिर्णयवर एकेका चौकोनात दुधाच्या पिशव्या, सिलिंडरचा नंबर, अण्णांचं इंजेक्शन आणि वहिनीच्या माहेरची एकादष्णी असे चार-चार व्यवहार गुण्यागोविंदाने नांदत असतात आणि आजवर कुणी एकादष्णी समजून इंजेक्शन घेतलेलं नाही. "आणि हा म्हणे कॉम्प्युटर आहे ना? त्याच्याही लक्षात नाही?" वहिनी म्हणाली, कॉम्प्युटर असला तरी नवराच आहे. माझा भाऊ त्या वेळी खोलीत नव्हता, हे त्याचं नशीब.

मग व्हिजन कार्यालयात जातो. टेबलामागे टेबलं, सगळे खाली मान घालून कागद भरतायत, आणि तो शेजारच्याला विचारतो की आपली कंपनी नेमकं करते काय? वस्तू बनवते, विकत घेते, विकते? शेजाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. काम मात्र जोरात चालू असतं आणि व्हिजन सगळ्यांपेक्षा जलद कागद भरत असतो.

अण्णा इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखे होते. ते वळले. "हे तंतोतंत आहे," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीची साक्ष त्या एका वाक्यात होती. तिथून पुढे ते मालिकेचे झाले.

आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतका लायक प्रेक्षक त्या भागाला शोधून सापडला नसता. थोड्या वेळाने ते उद्गारले, "अरे, हे नाटक आहे!" नीट पाहिलं तर होतंच. तीन भिंतींचं घर, मधोमध सोफा, एका बाजूला स्वयंपाकघराचं दार आणि मागे बाहेरचा दरवाजा. शिवाजी मंदिरात आणि बालगंधर्वात आपण उभा जन्म हाच दिवाणखाना बघितला. साहेब जेवायला येणार, घरात काही शिजलेलं नाही, नवरा बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना गाणं म्हणून गुंतवतोय आणि बायको आत धावपळ करतेय. यात चेटूक काढून टाकलं तर अशोक सराफांना द्यावी अशी भूमिका उरते.

पुतण्याने नंतर सांगितलं त्यावरून अण्णांचा अंदाज फार चुकलेला नव्हता. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकात घरगुती विनोदी मालिका समोर प्रेक्षक बसवून चित्रित होत, म्हणून या पहिल्या भागासाठीही खरोखरच प्रेक्षक बोलावले होते. पलीकडून येणारं हसू डबाबंद नव्हतं. चित्रीकरण करणारी मंडळीसुद्धा त्या काळचे कपडे घालून वावरत होती. बशा उडवायला संगणक कमी आणि तारा जास्त वापरल्या. दिग्दर्शक मॅट शॅकमन यांनी त्या जमान्याचे विनोदाचे बादशहा डिक व्हॅन डाइक यांना भेटून सल्लाही घेतला होता. व्हिजनचा चेहरा एरवी लाल, पण लाल रंग कृष्णधवल चित्रात नीट उठत नाही म्हणून अभिनेत्याला निळा रंग फासला होता. हे ऐकून माईला त्याच्याविषयी प्रथमच आपुलकी वाटली. निळा म्हटल्यावर तिच्यापुढे एकच मूर्ती येते.

मध्येच जाहिरात लागली. टोस्टरची. अण्णा भडकले. "वर्षाचे पैसे भरलेत ना? मग पैसे घेऊन वर जाहिराती?" ती जाहिरात हा कथेचाच भाग आहे, टोस्टर स्टार्क इंडस्ट्रीजचा आहे, म्हणजे आयर्न मॅनच्या कंपनीचा, आणि त्याच कंपनीच्या बॉम्बखाली वांडाचं लहानपण गेलं, हे सांगताना पुतण्याचा घसा दाटून आला होता. टोस्टरवर एक लाल दिवा लुकलुकू लागला, अख्ख्या भागातला पहिला रंग. पुतण्या शहारला. अण्णा म्हणाले, "आला रंग! मी वायर हलवली होती."

जेवणाच्या टेबलावर साहेब प्रश्न विचारू लागतात. तुम्ही आलात कुठून? लग्न कधी झालं? मूल का नाही? दोघांना एकाही प्रश्नाचं उत्तर आठवत नाही, साहेबांचा आवाज चढत जातो, हसणारे प्रेक्षक एकाएकी गप्प होतात, साहेबांना घास अडकतो. नवऱ्याचा जीव चाललाय आणि बायको हसऱ्या चेहऱ्याने तेच ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणतेय. समीक्षकांनी या प्रसंगाचं फार कौतुक केलं, सुखी घराच्या चित्राला पहिला तडा गेला वगैरे. आमच्या घरात तडा गेला नाही. प्रश्न ऐकून कुणालाच काही वावगं वाटलं नाही, कारण हेच प्रश्न आमच्या इमारतीत नव्या जोडप्याला सामान वर चढवताना जिन्यात विचारून झालेले असतात. आणि घास अडकल्यावर तर माई ओरडलीच, "वर बघ म्हणावं, वर बघ! पाठीत गुद्दा घाला कुणीतरी!" शेवटी वांडाच्या सांगण्यावरून व्हिजन साहेबांच्या गळ्यात आरपार हात घालून घास काढतो. महामानवाने आपली शक्ती एका माणसाचा प्राण वाचवण्यासाठी वापरली, असा हा पहिल्या भागातला एकमेव पराक्रम. पुतण्या केविलवाण्या चेहऱ्याने म्हणाला, "एवढीच फाइट?"

शेवटी कॅमेरा मागे मागे जातो आणि कळतं की हे सगळं कुणीतरी दुसऱ्या खोलीत बसून पडद्यावर बघतंय, वहीत टिपणं घेतंय. मित्रमंडळींचे फोन पुतण्याला याच क्षणी सुरू झाले. कोण असेल तो? कुठली संघटना? अण्णांनी वहीकडे एक नजर टाकली. "ऑडिट आहे," ते म्हणाले.

मग नावं सुरू झाली आणि सुरूच राहिली. अर्ध्या तासातली सहा-सात मिनिटं नावांनीच खाल्ली. उठायची परवानगी नव्हती, कारण मार्व्हलच्या भक्तांचा असा नेम आहे की नावं संपल्यावरही एखादा प्रसाद मिळतो. थिएटरात लोक राष्ट्रगीताला उभे राहतात, ही मंडळी नावांना बसतात. प्रसाद मिळाला नाही.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो, म्हणजे शेजारणीकडे. ॲग्नेस. पहिल्याच भागात ती हातात कुंडी घेऊन दारात उभी राहते, मी उजवीकडच्या घरात राहते म्हणून ओळख सांगते, गप्पा मारते, सल्ले देते आणि ऐन वेळी चौघांच्या जेवणाचं सामान घेऊन हजर होते. बोलण्यात सारखा नवरा, राल्फ. पुतण्याला ती विनोदापुरती वाटली. त्याच्या मित्रांना तर ती दिसलीच नाही. ते सगळे दारूच्या बाटलीवरचं लेबल मोठं करून वाचत होते, 23 आणि 8 या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करत होते, आणि त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला होता की या सगळ्यामागे मेफिस्टो आहे. मेफिस्टो म्हणजे मार्व्हलच्या कॉमिक्समधला सैतान.

माईने दुसऱ्याच मिनिटाला निकाल दिला होता. "ही बाई बरी नाही."

"आजी, ती शेजारीण आहे नुसती. मदत करतेय."

"मदत करतेय ना? न बोलावता? आणि एवढं सामान घरात तयार कसं हिच्या? त्यातून नवऱ्याचं सारखं नाव घेते आणि नवरा दिसत नाही. ज्या बाईचा नवरा बोलण्यात असतो नि दिसत नाही, तिच्यावर लक्ष ठेवावं."

"भाषा तरी कळतेय का तुला?"

"भाषा कशाला लागते? तोंडं बघ ना."

शुक्रवारमागून शुक्रवार गेले. दर आठवड्याला पुतण्याच्या मित्रांना मेफिस्टो दिसे. कधी पडद्याच्या कोपऱ्यात, कधी एखाद्या माशीत, कधी कुणाच्या बोलण्यात. 19 फेब्रुवारीला सातवा भाग आला, सकाळी शिवजयंतीची मिरवणूक नव्हती म्हणून घरात शांतता होती, आणि त्या भागात शेजारणीने तळघरात स्वतःची खरी ओळख करून दिली. ती ॲगाथा, जुनीजाणती चेटकीण, बरीच कारस्थानं तिचीच. त्यावर एक गाणंही होतं. जगभर लोक थक्क झाले म्हणे. माई आत भाजी निवडत होती. पुतण्या धावत तिला सांगायला गेला तर तिने विचारलं, "आज कळलं का त्यांना?"

नववा भाग 5 मार्चला आला आणि मालिका संपली. मेफिस्टो शेवटपर्यंत आला नाही.

तेव्हापासून पुतण्याच्या मित्रमंडळात माईचं वजन वाढलं. 19 मार्चला 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर' सुरू झाली तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, "आजीला बोलवा." आजीबरोबर आजोबा आलेच. या वेळी रंग होते, पडदाभर चित्र होतं, आणि सुरुवातीलाच पंखवाला सॅम विल्सन हेलिकॉप्टरांचा पाठलाग करत डोंगरदऱ्यांतून असा काही उडतो की पुतण्याला दीड वर्षाचा उपास सुटल्यासारखं झालं. माईने त्या दहा मिनिटांत लसूण सोलून घेतला.

त्यानंतर सॅम बहिणीबरोबर बँकेत जातो. लुइझियानात त्यांची आईवडिलांची जुनी बोट आहे, धंदा बुडीत चाललाय, कर्ज हवंय. बँकेतला माणूस सॅमला ओळखतो, खूश होतो, त्याच्याबरोबर सेल्फी काढायची इच्छा दाखवतो, आणि कर्ज नाकारतो. थॅनॉसच्या चुटकीने सॅम पाच वर्षं जगातूनच नाहीसा झाला होता, त्या काळातलं उत्पन्न दाखवता येत नाही.

पुतण्या संतापला. "ज्याने जग वाचवलं त्याला कर्ज नाही?"

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. "जग वाचवलं याची पावती आहे का? पाच वर्षं उत्पन्न शून्य. तारण काय, तर बोट. बोट कुठल्या सालची? मूल्यांकन केलंय का? सेल्फी मागितली हे गैर आहे, ते मी मान्य करतो. पण कर्ज नाकारलं ते बरोबर."

"आजोबा, तो ॲव्हेंजर आहे!"

"असू दे. दोन जामीनदार आणायला सांग."

पुतण्याने थोडा विचार केला. म्हणाला, दुसरा हिरो आहे ना, बकी बार्न्स. सॅमच्या ओळखीचा आहे, सैन्यात होता, माणूस शब्दाचा पक्का. वय फक्त थोडं जास्त आहे.

"किती?"

"106."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "साठीच्या वर जामीनदार चालत नाही," ते म्हणाले. "आणि पेन्शन चालू असेल तर त्याला सांग, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. दिलाय का त्याने?"